बांधकाम परवानगीच्या नोंदींवरून काम कसं शोधायचं

साइटवर प्लास्टर चालू दिसलं म्हणून आत जाऊन चौकशी करावी, तर वॉटरप्रूफिंग, खिडक्या, रंग सगळं आधीच कुणाला तरी दिलेलं असतं. छोट्या कंत्राटदारांची ही नेहमीची रड. इमारत रस्त्यावरून दिसायला लागते तोवर निम्मी कामं वाटून झालेली असतात. कागदावर मात्र ती कितीतरी आधी उभी असते आणि महाराष्ट्रात त्यातला बराचसा कागद कुणालाही घरबसल्या पाहता येतो. तो पाहताना नावं आणि नंबर गोळा करत बसू नका. तारीख आणि टप्पा बघा.

आपलं काम केव्हा ठरतं ते आधी लिहून काढा

काम होतं केव्हा आणि ठरतं केव्हा, यात बरंच अंतर असतं. इलेक्ट्रिकचे पाइप आणि प्लंबिंगचे स्लीव्ह स्लॅबमध्येच टाकावे लागतात, म्हणून ती कामं पहिला स्लॅब पडायच्या आधी ठरलेली हवीत. लिफ्टचं माप तर नकाशातच पक्कं होतं. खोदाई, पायलिंग, बोअरवेल यांना बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, मिळाल्याबरोबर धावावं लागतं. खिडक्या, रेलिंग, रंग यांना जरा उसंत असते. इंटिरिअरवाल्यांचा हंगाम भोगवटा प्रमाणपत्राच्या म्हणजे ओसीच्या आसपास सुरू होतो आणि त्यांचा ग्राहक बिल्डर नसतो, फ्लॅटवाला असतो.

सीसी निघाली म्हणजे काम सुरू झालंच असंही समजू नका. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार परवानगी एक वर्ष चालते आणि वर्षावर्षाने आणखी तीन वर्षांपर्यंत वाढवून मिळते. नुसत्या सीसीवर पडून राहिलेले प्लॉट कमी नाहीत. मुंबईत आधी आयओडी, म्हणजे अटी घालून दिलेली पहिली मंजुरी, मग जोत्यापर्यंतची सीसी, मग पुढची सीसी अशी पायरी असते. तिथे पुढची सीसी दिसली की साइट खरंच हलते आहे असं धरायला हरकत नाही.

सुरुवात महारेरापासून

मोठ्या गृहप्रकल्पांसाठी महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळाइतकी सोयीची जागा नाही. २०१६च्या रेरा कायद्यानुसार विक्रीसाठीच्या प्रकल्पाला नोंदणी लागते. भूखंड ५०० चौरस मीटरपर्यंतचा किंवा सदनिका आठपर्यंत असतील तरच सूट. जिल्हा निवडून शोध घ्या आणि एखाद्या प्रकल्पाचं पान उघडा. विकासक, मंजुरीची कागदपत्रं, काम पूर्ण करण्याची तारीख, आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर हे सगळं तिथे असतं. रस्त्यात होर्डिंग दिसलं तर त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करा. १ ऑगस्ट २०२३पासून जाहिरातीवर तो सक्तीचा आहे आणि थेट त्या प्रकल्पाच्या पानावर नेतो.

बहुतेक जण इथपर्यंत येऊन फोन नंबर शोधायला लागतात. खरा माल पुढे आहे. विकासकाला दर तीन महिन्यांनी प्रगतीची माहिती भरावी लागते आणि आर्किटेक्टच्या प्रमाणपत्रात, म्हणजे फॉर्म एकमध्ये, प्रत्येक कामाची टक्केवारी असते: खोदाई, जोता, स्लॅब, आतल्या भिंती आणि प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या, सॅनिटरी फिटिंग, पाण्याच्या टाक्या, टेरेसचं वॉटरप्रूफिंग, लिफ्ट, अग्निशमन. दुसऱ्या तक्त्यात अंतर्गत रस्ते, सांडपाणी प्रक्रिया, पर्जन्यजल संधारण, झाडं लावणं अशी सामाईक कामं असतात. कंत्राटदाराच्या दृष्टीने ही उरलेल्या कामांची यादीच आहे.

समजा तुम्ही वॉटरप्रूफिंग करता. दहा मजल्यांच्या एका इमारतीत स्लॅब ७० टक्के, आतल्या भिंती आणि प्लास्टर २० टक्के, सॅनिटरी शून्य असं लिहिलं आहे. म्हणजे सातेक स्लॅब पडलेत आणि खालच्या मजल्यांवर वीटकाम चालू आहे. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग फरशीच्या आधी होतं, ते खाली तोंडावर आलं आहे. टेरेसला अजून तीन स्लॅब बाकी. एकेका स्लॅबला तीन-चार आठवडे धरले तरी हाताशी दोन-पावणेतीन महिने आहेत. आता अहवालाची तारीख पाहा. ती दोन महिन्यांपूर्वीची असेल तर बाथरूमचं काम बहुधा गेलं, टेरेससाठी मात्र याच आठवड्यात जायला हवं. ग्राहकांचे पैसे ज्यात जमा होतात त्या प्रकल्पाच्या खात्यातून पैसे काढायलाही विकासकाला ही प्रमाणपत्रं लागतात, त्यामुळे आकडे कधी थोडे उदार असू शकतात. साइटसमोरून एक चक्कर मारून मजले मोजले की खरं-खोटं कळतं.

महारेरात नसलेली कामं

बंगले, छोट्या इमारती, स्वतःच्या वापरासाठी बांधलेली कारखान्याची शेड किंवा हॉस्पिटल महारेरात सापडत नाहीत. छोट्या कंत्राटदाराची रोजीरोटी तर बऱ्याचदा यांच्यावरच असते. त्यासाठी महापालिका, नगरपालिका किंवा पुण्याच्या पीएमआरडीएसारख्या विकास प्राधिकरणाकडे वळावं लागतं. परवानग्या आता बऱ्याच ठिकाणी बीपीएमएस किंवा ऑटोडीसीआरसारख्या ऑनलाइन प्रणालीतून दिल्या जातात. लोकांना त्यातलं किती दिसतं, हे प्रत्येक शहरात वेगळं. आपल्या महापालिकेच्या संकेतस्थळावर बांधकाम किंवा नगररचना विभागाचं पान चाळून पाहा, दिलेल्या परवानग्यांची यादी कदाचित तिथेच मिळून जाईल.

नाही मिळाली तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. ‘सर्व परवानग्यांची माहिती द्यावी’ असं मोघम लिहिलंत तर मोघम उत्तर येईल. अमुक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दिलेल्या प्रारंभ प्रमाणपत्रांची यादी मागा: क्रमांक, दिनांक, सर्व्हे नंबर, मंजूर क्षेत्र, आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंत्याचं नाव. मालकाचा मोबाइल नंबर मागू नका. तो खासगी माहिती म्हणून नाकारला जाईल आणि त्यापायी सगळा अर्जच लोंबकळायचा. उत्तराची मुदत ३० दिवस.

फार मोठी कामं घेणाऱ्यांनी केंद्राचं परिवेश पोर्टलही पाहावं. बांधकाम क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. तो अर्ज पोर्टलवर दिसतो, पुष्कळदा जमिनीवर एक कुदळ पडायच्या आधी.

नोंद आर्किटेक्टच्या नावाने लावा

साधी एक्सेल शीट पुरते: परिसर, परवानगीची तारीख, क्षेत्र, आर्किटेक्ट, आजचा टप्पा, आपलं काम ठरायचा अंदाजे महिना. शीट भरत आली की ती आर्किटेक्टच्या नावानुसार लावून पाहा. तीच चार-पाच नावं पुन्हा पुन्हा दिसतील. दहा मालकांची दारं वाजवण्यापेक्षा त्या चौघांच्या ऑफिसात केलेल्या कामाचे फोटो आणि दरपत्रक घेऊन जाणं परवडतं. बंगल्याच्या मालकाला गवंडी कोण, फॅब्रिकेटर कोण हे तेच सुचवतात. मोठ्या स्कीममध्ये मात्र आर्किटेक्टच्या शब्दापेक्षा परचेसवाल्याचा आणि प्रोजेक्ट मॅनेजरचा शब्द जड असतो. तिथे थेट साइट ऑफिसला जा.

भेटल्यावर ‘काही काम असेल तर सांगा’ हे वाक्य नको. ‘तुमच्या बी विंगचा वरचा स्लॅब पुढच्या महिन्यात पडेल, टेरेसचं कोटेशन आणलंय’ असं म्हटलं की समोरचा मान वर करून बघतो. रेरा कायद्यात ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातला दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. म्हणून गळती, भेगा यांच्याशी संबंधित काम असेल तर त्या मुदतीची लेखी हमी तुमच्या कोटेशनमध्ये पहिल्याच पानावर असू द्या. दर दोन रुपये कमी केल्याने जे होत नाही ते यानं होतं.

यादीवरून घाऊक फोन आणि मेसेज मात्र करू नका. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांनुसार साध्या दहा अंकी नंबरवरून जाहिरातीचे कॉल करता येत नाहीत, तक्रार झाली तर नंबर बंद होऊ शकतो. ‘महापालिकेतून बोलतोय’ म्हणून मालकाला गाठणारेही असतात. ही सरळ फसवणूक आहे.

होकार देण्याआधी

काम मिळतंय म्हटल्यावर प्रकल्पाचं महारेरावरचं पान पुन्हा उघडा. प्रकल्पाची मुदत किती वेळा वाढवली, नोंदणी संपली आहे का, न्यायालयीन वाद नोंदवला आहे का, त्या विकासकाचे आधीचे प्रकल्प वेळेत झाले का, हे पाहा. सहा महिने टक्केवारी जागची हललेली नसेल तर तिथे बहुधा पैसा अडकला आहे. अशा ठिकाणी काम घ्यायचंच असेल तर मालाचे पैसे आगाऊ आणि बिल दर टप्प्याला, हे वर्क ऑर्डरवर लिहून घेतल्याशिवाय माणसं पाठवू नका.