वजन कोणत्या पायावर आहे?

ताई ची या संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेच्या वर्गात नाव घातलं तेव्हा वाटलं होतं, हातांच्या त्या संथ, गोलाकार हालचाली पहिल्या दिवसापासून शिकवतील. प्रत्यक्षात महिनाभर आम्हाला फक्त चालायला लावलं. सगळं वजन एका पायावर घ्यायचं, दुसरा पाय मोकळा करून उचलायचा, टाच अलगद टेकवायची; पण टेकली तरी वजन मागेच ठेवायचं. मग सावकाश पुढच्या पायावर यायचं. शिक्षक मध्येच थांबवून विचारायचे, "वजन कोणत्या पायावर आहे?" उत्तरासाठी विचार करावा लागला, तर पाऊल चुकलेलंच असायचं.

नव्याने येणाऱ्यांना मी हेच सांगते: आधी पाय, मग हात. ताई चीच्या अनेक शैलींपैकी यांग शैलीचे आचार्य यांग चंगफू (१८८३–१९३६) यांच्या दहा सूत्रांत 'रिकामं आणि भरलेलं वेगळं ओळखा' असं एक सूत्र आहे. पायांच्या बाबतीत त्याचा अर्थ हाच: वजन घेतलेला पाय भरलेला, मोकळा पाय रिकामा.

बहुतेक वर्गांत सुरुवात २४ हालचालींच्या संचाने होते. १९५६ मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने यांग शैलीवरून तो तयार करवला. सगळा संच पाच-सहा मिनिटांत होतो, पण नीट बसायला मला वर्ष लागलं आणि तेवढं लागू द्यावं. हनान प्रांतातल्या चनजियागोउ गावची चन शैली याहून जुनी. तिच्यात खाली बसून केलेल्या हालचाली आणि अचानक उसळणारा जोर असतो. सुन शैलीत उभं राहणं उंच असतं, त्यामुळे गुडघे नाजूक असणाऱ्यांना ती सोसते. शैलीवरून फार घोळ घालू नका. शिक्षक तुमच्या पावलांकडे बघतात का, एवढं मात्र नक्की बघा. नुसतं पुढे उभं राहून संच करून दाखवणाऱ्याच्या मागे हात हलवत राहिलात, तर चूक अंगवळणी पडते आणि ती मोडायला दुप्पट वेळ जातो.

गुडघ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मी तिथेच चुकले. तिसऱ्या महिन्यात 'रानघोड्याची आयाळ दुभागणे' ही हालचाल शिकत होते. पुढचा गुडघा वाकलेला, वजन त्यावर, आणि तशातच मी पाऊल बाहेर वळवलं. पाऊल वळलं, मांडी मागे राहिली, मधल्या मध्ये गुडघा पिळला गेला. दोन आठवडे जिना उतरताना दुखत होतं. शिक्षकांनी मग क्रम सुटा करून दाखवला: आधी मागच्या पायावर बसा, पुढचा पाय मोकळा झाला की चवडा वळवा, मगच वजन त्यावर आणा. गुडघा पावलाच्या बोटांच्याच दिशेला हवा, आत कोसळलेला नको, बोटांच्या पुढे गेलेला नको. आणि छायाचित्रांत दिसतं तेवढं खाली बसायचा हट्ट पहिली दोन वर्षं तरी करू नका. गुडघेदुखी आधीपासूनच असेल, तर डॉक्टरांशी बोलून मगच वर्गात जा.

बूट पातळ, सपाट तळाचे हवेत. जाड टाचेच्या धावण्याच्या बुटात जमीन कळतच नाही. घरी रोज पंधरा मिनिटं करा, त्यात एकच हालचाल दहा वेळा केली तरी चालेल.

संच बऱ्यापैकी बसला की तुइशोउचे, म्हणजे जोडीने करायच्या सरावाचे, वर्ग चुकवू नका. दोघं समोरासमोर, मनगटाला मनगट टेकवून, एकमेकांचा जोर ओळखत हात गोल फिरवायचे असतात. इथे ढकलाढकली करायची नसते, ऐकायचं असतं, हाताने. पहिल्याच दिवशी माझे खांदे ताठ झाले होते. समोरच्या वयस्क सहाध्यायी बाईंनी माझ्या मनगटावर नुसतं मनगट ठेवलं, डोळे मिटले, आणि क्षणभराने म्हणाल्या, "डाव्या पायावर आहेस." मी खाली पाहिलं. खरंच डाव्यावर होते.