परग्रहावरचा पहारेकरी कसा घडवावा

गोष्टीसाठी धोक्याची सूचना देणारा चिमुकला परग्रही प्राणी हवा असेल, तर त्याचे पाय नि शेपट्या मोजत बसू नका. ते आपोआप सुचतं. आधी ठरवा, त्याच्या वाईटावर टपलेलं कोण आहे आणि ते येतं कुठून? वरून झडप घालणाऱ्याला आणि दबा धरून बसणाऱ्याला एकच ओरडणं पुरत नाही. केनियातल्या अंबोसेलीतली व्हर्व्हेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळे आवाज काढतात. बिबट्याचा आवाज आला की बाकीची माकडं झाडावर पळतात, गरुडाचा आला की वर बघतात, सापाचा आला की दोन पायांवर उभी राहून गवत न्याहाळतात.

मग हवा बघा. ग्रह मंगळासारखा असेल तर शीळ बाद. तिथली हवा विरळ, बहुतेक कार्बन डायऑक्साइडची. आवाज सेकंदाला साधारण २४० मीटर जातो आणि चिरका स्वर तर वाटेतच विरतो. म्हणून माझा धपक्या तोंड उघडतच नाही, जमीन बडवतो. खारीएवढा जीव, मागचे पंजे चपटे. दोन धपके म्हणजे शत्रू जमिनीवर, सलग थरथर म्हणजे आभाळात. पोट टेकून बसणाऱ्या जड चरणाऱ्यांना ते थेट बरगड्यांत कळतं. शनीच्या टायटन या चंद्रासारखी दाट हवा असेल तर खुशाल ओरडू द्या.

आता खरा पेच: तो सांगतो कशाला? निव्वळ परोपकार कुणाला पटायचा नाही. दबा धरलेल्याला ‘दिसलास रे’ एवढं कळलं की त्याचा डाव फसतो, हा धपक्याचा स्वार्थ. बाकीचे नुसते कान लावून असतात. आमच्या चंद्रपूरकडे ताडोबात हेच चालतं. वानर शेंड्यावरून वाघ बघून खाकरतं, खाली चितळांच्या माना ताठ होतात. पण चितळ बिचकं, कशालाही ओरडतं. सांबराचा कॉल आला की मात्र गाईड जिप्सी बंद करायला लावतो नि बोटानेच गप्प बसा म्हणतो. तुमच्या ग्रहावरही कुणाचं किती ऐकायचं, याची अशी उतरंड हवी.

आणि एक लबाड घालाच. आपल्या कोतवाल पक्ष्याचा आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातला भाऊबंद खोटीच बोंब ठोकतो. मीरकॅट, म्हणजे तिथली मुंगसासारखी जनावरं, घास टाकून बिळात पळतात, हा तो उचलतो. एक आवाज चालेनासा झाला की दुसऱ्याची नक्कल करतो. धपक्याची नक्कल करणारा कुणी असला, की कथानक आयतंच मिळालं.

लिहिताना पहिली दोन पानं शिकारी दाखवू नका. धपके येऊ द्यात, चरणाऱ्यांची तोंडं हलायची थांबू द्यात. नाव सगळ्यात शेवटी ठेवा, आणि ते घरातल्या पोरांना ठेवू द्या. आपण ठेवलेली नावं फार विद्वान होतात.