पोह्यांनंतर साखर ३०० आणि जेवणाआधी ६५: टाइप १ मधुमेहात मला काय लागू पडलं

लक्षण असं: नाश्त्याला कांदेपोहे, तासाभरात साखर ३०० जवळ, आणि साडेअकराला हात थरथरून ६५. रोजचा हा झोका माणसाला थकवून टाकतो.

इन्सुलिन वाढवलं तर चढ तसाच राहिला, उतार मात्र जास्त खोल गेला. पोह्यांऐवजी ओट्स घेतले, फारसा फरक नाही. कारण मात्रेपेक्षा वेळेत होतं: पोहे झपाट्याने पचतात, इन्सुलिनचा जोर मागून येतो.

जमलं ते या क्रमाने. कोरडे पोहे काट्यावर ४० ग्रॅम. त्यात सुमारे ३० ग्रॅम कर्बोदकं. वाटीने मोजू नका, जाड-पातळ पोह्यांत वजन बदलतं. बटाटा वगळला, १५ ग्रॅम शेंगदाणे घातले. साखर १०० च्या वर असेल तर जलद इन्सुलिन खाण्याआधी १५ मिनिटं (साधं रेग्युलर असेल तर ३०). ८० च्या खाली असेल तर इन्सुलिन घेऊन खाण्यासाठी थांबायचं नाही: ७० पर्यंत उतरली असेल तर आधी १५ ग्रॅम ग्लुकोज, साखर वर आली की मग नाश्ता. इन्सुलिननंतरची ती वाट संपली की आधी उकडलेलं अंडं आणि काकडी, मग पोहे, शेवटी बिनसाखरेचा चहा. दोन तासांनी तपासणी.

आता दोन तासांनी साखर १६० ते १८० असते. सकाळी इन्सुलिनच्या एका युनिटला किती ग्रॅम कर्बोदकं, हे प्रमाण दुपारपेक्षा बरेचदा वेगळं असतं. ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.