पीएचए दिलेल्या लिम्फोसाइटमधला नवा आरएनए मोजताना

रक्तातला लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) एरवी सुस्त असतो. राजम्यातून काढलेलं पीएचए (फायटोहिमॅग्लुटिनिन) हे लेक्टिन, म्हणजे साखरेला चिकटणारं प्रथिन, दिलं की काही तासांतच त्याचा आरएनए बनवण्याचा वेग वाढतो. डीएनएची पाळी मात्र साधारण 24 तासांनंतर येते आणि 48 ते 72 तासांत शिगेला पोचते. म्हणून थायमिडीनच्या, म्हणजे नवा डीएनए मोजण्याच्या, प्रयोगाचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालत नाही. नमुने 0, 4, 8, 24 आणि 48 तासांना घ्या.

रक्त हेपारिनच्या ट्यूबमध्ये घ्यावं. ईडीटीए हे दुसरं गोठणरोधक कॅल्शियम बांधून ठेवतं आणि पीएचएला ते लागतं. रक्तात तेवढंच पीबीएस (फॉस्फेट-मीठ बफर) मिसळून 1.077 घनतेच्या फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रावणावर) हलक्या हाताने सोडा; 400 जी, 30 मिनिटं, खोलीच्या तापमानाला, ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर मधला पांढुरका थर विस्कटतो. तो थर काढून दोनदा धुवा. दर मिलिलिटर रक्तामागे साधारण 10 ते 20 लाख पेशी हाती लागतात. मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या ट्रिपॅन ब्लूमध्ये 95 टक्क्यांहून कमी जिवंत दिसल्या तर पुढे जाऊ नका.

माध्यम आरपीएमआय-1640, त्यात 10 टक्के सीरम आणि 2 मिलिमोलर ग्लुटामिन. न्यूक्लिओसाइड घातलेलं अल्फा-एमईएम घेऊ नका, त्यातलं युरिडीन तुमच्या लेबलशीच (नव्या आरएनएत शिरणाऱ्या खुणेच्या युरिडीनशीच) स्पर्धा करतं. मिलिलिटरला 10 लाख पेशी ठेवा. पीएचए-एलची (पीएचएचा पांढऱ्या पेशींना चिकटणारा प्रकार) मात्रा 1, 2.5, 5 आणि 10 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अशी आधी तपासा, कारण लॉट बदलला की ताकद बदलते. जास्त झालं तर पेशींच्या गुठळ्या होतात आणि त्या मरतात. मोनोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) काढून निव्वळ टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) वापरल्या तर पीएचएला प्रतिसाद फिका येतो; तिथे टी-पेशींना उत्तेजित करणारे सीडी3/सीडी28 मणी बरे.

लेबलसाठी 5-एथिनिल युरिडीन (ईयू) 1 मिलिमोलर, शेवटचा एक तास. सोबत तीन कंट्रोल हवेतच: ईयू नसलेला, 5 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ॲक्टिनोमायसिन-डी (आरएनए बनणं रोखणारं औषध) दिलेला आणि 0.05 दिलेला. ॲक्टिनोमायसिन ईयूच्या अर्धा तास आधी घाला. मोठी मात्रा जवळजवळ सगळंच आरएनए-निर्माण थांबवते. छोटी मात्रा मुख्यतः रायबोसोमल आरएनए अडवते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली न्यूक्लिओलस (केंद्रकातली तो आरएनए बनण्याची जागा) विझतो पण बाकी केंद्रक उजळ राहतं. ते चित्र दिसलं की लेबलिंग खरं आहे असं धरायला हरकत नाही.

मग पेशी 4 टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये 15 मिनिटं, 0.5 टक्के ट्रायटनमध्ये 15 मिनिटं. क्लिक मिश्रण (ईयूला रंग जोडणारं): 100 मिलिमोलर ट्रिस (पीएच 8.5), 1 मिलिमोलर कॉपर सल्फेट, 10 मायक्रोमोलर ॲझाइड-रंग आणि सगळ्यात शेवटी 100 मिलिमोलर ॲस्कॉर्बिक आम्ल. अंधारात 30 मिनिटं. ॲस्कॉर्बिकचं द्रावण त्याच दिवशी बनवा. पिवळट-तपकिरी झालेलं फेकून द्या, कारण तांबं क्षपित झालं नाही तर रंग चिकटतच नाही. धुण्याच्या बफरमध्ये ईडीटीए असेल तरी हाच परिणाम. तांब्याने पीई आणि टँडम हे चमकणारे रंग खराब होतात, तेव्हा सीडी3चं (टी-पेशींच्या ओळखखुणेचं) रंगकाम क्लिकनंतर करा. सीडी3 लागेलच, मोनोसाइटही आरएनए बनवतात आणि ते आकड्यात मिसळतात.

खरी फसगत आकडा वाचताना होते. पीएचए दिल्यावर पेशी युरिडीन जास्त आत घेते आणि त्याला फॉस्फेट लावणाऱ्या किनेजचं कामही वाढतं. म्हणजे आरएनए बनण्याचा वेग तोच राहिला तरी लेबल जास्त दिसू शकतं. किरणोत्सारी ट्रिशियम-युरिडीनमध्ये हा घोळ जुनाच आहे. तिथे आम्लात विरघळणाऱ्या साठ्याची (अजून आरएनएत न गेलेल्या न्यूक्लिओटाइडची) विशिष्ट क्रियाशीलता मोजून दुरुस्ती करतात. ईयूलाही आधी फॉस्फेट लागावंच लागतं, त्यामुळे तोही यातून सुटत नाही. 4 तासांच्या वाढीवर तर एकट्या ईयूच्या जोरावर विसंबूच नये. त्याच पेशींचे केंद्रक वेगळे काढून रन-ऑन (सुरू झालेलं आरएनए-निर्माण नळीत पुढे चालू ठेवून मोजणं) करा. तिथे न्यूक्लिओटाइड तुम्ही बाहेरून देता, त्यामुळे आतल्या साठ्याचा प्रश्न उरत नाही.

शिवाय प्रत्येक वेळेला दर 10 लाख पेशींमागे एकूण आरएनएही मोजा. सुस्त लिम्फोसाइट नव्या रायबोसोमल आरएनएचा बराच भाग पक्व होण्याआधीच मोडून टाकतो आणि पीएचएनंतर ही नासाडी घटते. त्यामुळे एकूण आरएनए वाढला म्हणजे तेवढंच निर्माण वाढलं, असंही होत नाही.