‘ब्रिलियंट’ हे विशेषण कोठे आणि कसे वापरावे

‘ब्रिलियंट’ म्हणजे ‘हुशार’, एवढेच लक्षात ठेवून हे इंग्रजी विशेषण वापरले, तर वाक्य व्याकरणात बसते, पण स्तुती पुष्कळदा अस्थानी जाते. म्हणून आधी मूळ अर्थ पक्का करावा. ‘चमकणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून सतराव्या शतकात इंग्रजीत आलेला हा शब्द डोळे दिपवणाऱ्या प्रकाशासाठी आणि झळाळत्या रंगासाठी आजही वापरला जातो. मंद, शांत उजेडाला तो लावू नये. आत शिरलेला प्रकाश परावर्तित होऊन पुन्हा वरच्या बाजूने बाहेर पडावा, अशा बेताने 57 किंवा 58 पैलू पाडलेल्या गोल हिऱ्याच्या घडणीलाही ‘ब्रिलियंट कट’ म्हणतात, आणि मला हे उदाहरण या शब्दाची सर्वांत चांगली ओळख वाटते.

बुद्धीच्या स्तुतीतही हीच चमक अभिप्रेत असते. मराठीत ‘तेजस्वी’ हा प्रतिशब्द त्याला जवळचा आहे. ‘कुशाग्र’ मात्र कुश गवताच्या अणकुचीदार टोकावरून आलेला असल्याने ‘शार्प’शी अधिक जुळतो. नेटाने अभ्यास करून चांगले गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याच्या शिफारसपत्रात ‘ब्रिलियंट’ लिहिण्यापेक्षा ‘डिलिजंट’ लिहावे, कारण त्याचा खरा गुण चिकाटी आहे आणि तो झाकला जाऊ नये.

एखाद्या विषयातील प्रावीण्य सांगताना पुढे ‘ॲट’ हे शब्दयोगी घ्यावे: ‘शी इज ब्रिलियंट ॲट मॅथेमॅटिक्स’. जोर देण्यासाठी ‘व्हेरी’ लावण्याचा मोह टाळावा. हे विशेषण स्वतःच स्तुतीच्या वरच्या टोकाचे असल्यामुळे त्याच्याशी ‘ॲब्सोल्यूटली’ अधिक शोभते. क्रियेचे वर्णन करायचे असल्यास ‘ब्रिलियंटली’ हे रूप वापरावे.

ब्रिटिश बोलीत मात्र या शब्दाची धार बरीच उतरलेली आहे. ‘मी उद्या कागद पाठवतो’ असे सांगितल्यावर समोरून ‘ब्रिलियंट!’ असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ ‘छान, ठरले’ एवढाच घ्यावा. अमेरिकी बोलण्यात हा सैल वापर तुलनेने कमी आढळतो, त्यामुळे तेथील व्यक्तीला हीच दाद मनापासून केलेली मोठी प्रशंसा वाटू शकते. साध्या होकारासाठी तिच्याशी बोलताना ‘ग्रेट’ म्हणावे.