गाडीच्या स्प्रिंगा घरी बदलताना: मागच्या सोप्या, पुढच्या जपून

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या मागच्या चाकाजवळ बोटभर लांबीचा, वाकलेला लोखंडी तुकडा पडलेला सापडला. तुटलेल्या तोंडाकडे उजेडात पाहिले, तेव्हा त्याचा एक कोपरा तपकिरी गंजाचा आणि उरलेला भाग चंदेरी, खरबरीत दिसला. याचा अर्थ चीर काही महिन्यांपूर्वीच पडली होती आणि शेवटच्या एखाद्या खड्ड्याने फक्त उरलेसुरले काम पुरे केले होते. कॉइल स्प्रिंग बहुधा अशीच तुटते, म्हणजे मधोमध न तुटता अगदी शेवटच्या वेढ्यात तुटते. तिथे स्प्रिंग आणि तिची बैठक यांच्यामध्ये रेती व पाणी साचते, रंग घासला जातो आणि गंजाच्या बारीक खळीतून चीर सुरू होते. कोकणात आणि गोव्यात खारट हवेमुळे हे लवकर घडते.

तुटण्याआधी खचण्याची पायरी असते आणि ती टेपने मोजता येते. गाडी सपाट जागी उभी करून, टायरमधील हवा सारखी करून, चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजावे व लिहून ठेवावे. एकाच आसाच्या डाव्या-उजव्या बाजूंत दीड-दोन सेंटिमीटरचा फरक आढळला, तर स्प्रिंगकडे संशयाने पाहावे. आपल्याकडे मागची बाजू खचण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे नंतर बसवून घेतलेली सीएनजीची टाकी. डिकीत पन्नास-साठ किलोचे ओझे कायमचे बसते आणि मूळ स्प्रिंग त्या हिशेबाने बनवलेली नसते. त्यावर उपाय म्हणून वेढ्यांमध्ये रबराचे ठोकळे कोंबण्याची पद्धत आहे. ती मला पटत नाही, कारण ठोकळा बसलेला वेढा काम करीनासा होतो आणि त्याचा ताण शेजारच्या वेढ्यांवर पडतो.

नवीन स्प्रिंग नेहमी जोडीने घ्यावी, म्हणजे एका आसाच्या दोन्ही. सुटा भाग मागवताना गाडीचा चॅसिस नंबर द्यावा, कारण डिझेलचे इंजिन जड असल्याने एकाच मॉडेलच्या पेट्रोल व डिझेल गाड्यांच्या पुढच्या स्प्रिंगा सहसा वेगळ्या असतात. स्प्रिंगवर रंगाचे ठिपके किंवा पट्टे असतात, ते तिच्या प्रकाराची खूण असतात आणि ते जुन्याशी ताडून पाहावेत. गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून स्प्रिंगचा वेढा कापणे किंवा गॅसने तापवणे या गोष्टी मात्र करूच नयेत. तापवलेल्या पोलादाची लवचिकता जाते आणि कापलेली स्प्रिंग बैठकीत नीट बसत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू, तो म्हणजे हे काम घरी करावे का. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकॲब्सॉर्बर व त्यावरची स्प्रिंग यांचा एकत्र उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारी आडवी लोखंडी तुळई) व सुटी स्प्रिंग, ही रचना स्विफ्ट, आय२०, पोलो अशा अनेक हॅचबॅकमध्ये आहे, आणि माझे पुढील सर्व सांगणे त्याच रचनेपुरते आहे. अशा गाडीच्या मागच्या स्प्रिंगा बदलणे हे सुट्टीच्या सकाळचे, संयम असलेल्या कोणालाही जमणारे काम आहे. पुढच्या स्प्रिंगा ही वेगळी बाब आहे, कारण तिथे स्प्रिंग शॉकॲब्सॉर्बरवर, म्हणजे ज्याला गॅरेजमध्ये सगळे शॉकअप म्हणतात त्याच्यावर, दाबून बसवलेली असते आणि ती दाबातून सोडवावी लागते.

जागा आणि आधार

जमीन पक्की व सपाट हवी. पेव्हर ब्लॉकवर जॅक रुतत असेल, तर त्याखाली जाड प्लायवुडचा तुकडा घालावा. गाडीबरोबर मिळणारा कात्री जॅक केवळ चाक बदलण्यापुरता असतो, या कामासाठी दोन टनांचा ट्रॉली जॅक आणि दोन जॅक स्टँड, म्हणजे लोखंडी घोड्या, अत्यावश्यक आहेत. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली हातही घालू नये. विटा आणि दगड यांचा आधार तर कधीच घेऊ नये, कारण वीट आधी सूचना देऊन फुटत नाही.

मागची बाजू उचलताना एक साधी गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना लागतो, त्यामुळे मागची चाके हवेत गेली की त्याचा उपयोग संपतो. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून व मागून लाकडी ठोकळे लावावेत आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करावेत, मग गाडी उचलून पुस्तिकेत दाखवलेल्या जागी घोड्या लावाव्यात आणि चाके काढण्यापूर्वी गाडीला दोन्ही हातांनी जोराने हलवून पाहावे. हलायचीच असेल, तर ती आपण बाहेर उभे असताना हललेली बरी.

मागच्या स्प्रिंगा

गंजलेल्या बोल्टांच्या आट्यांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल फवारून ठेवावे, त्याने निम्मी झटापट वाचते. दोन्ही चाके काढल्यावर जुन्या स्प्रिंगेचे खालचे व वरचे टोक बैठकीत कोठे टेकले आहे याचे छायाचित्र घ्यावे. नंतर ट्रॉली जॅक टॉर्शन बीमखाली आणून तो किंचित उचलावा, जेणेकरून शॉकअपच्या खालच्या बोल्टवरील ताण जाईल. ताण गेला आहे की नाही हे बोल्टच सांगतो: नट काढल्यावर तो हाताने फिरू लागला तर जॅक योग्य उंचीवर आहे, अडकला तर जॅक जरासा वर किंवा खाली करावा. हातोड्याने ठोकून बोल्ट काढण्याची वेळ बहुधा जॅकची उंची चुकल्यामुळेच येते.

दोन्ही बाजूंचे खालचे बोल्ट निघाले की जॅक अगदी हळूहळू खाली आणावा आणि त्या वेळी लक्ष स्प्रिंगेवर न ठेवता ब्रेकच्या रबरी नळीवर व एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) सेन्सरच्या वायरीवर ठेवावे. त्या ताणल्या जाऊ लागल्या, तर तेथेच थांबून त्यांच्या क्लिपा सोडवाव्यात. बीम पुरेसा खाली आला की स्प्रिंग सैल होऊन हाताने निघते. नसेल निघत, तर बीम हाताने आणखी खाली दाबावा, परंतु ताणात असलेली स्प्रिंग टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, उचकटून काढण्याचा प्रयत्न करू नये.

बैठकीतील रबर या वेळी धुऊन पाहावे आणि फाटलेले असल्यास बदलावे, कारण त्याची किंमत किरकोळ असते आणि नव्या स्प्रिंगेचा रंग टिकणे त्यावरच अवलंबून असते. नवी स्प्रिंग ठेवताना तिचे टोक बैठकीतील पायरीला अचूक टेकवावे. ते बोटभर जरी बाजूला राहिले, तरी पहिल्याच खड्ड्यात स्प्रिंग फिरून जागेवर जाते आणि आपल्याला वाटते की काहीतरी तुटले. जॅकने बीम वर घेत, स्प्रिंग सरळ बसते आहे याची खात्री करत, शॉकअपचे बोल्ट घालावेत, पण या टप्प्यावर ते शेवटचे आवळू नयेत.

यामागचे कारण मला स्वतःच्या चुकीतून कळले. त्या बोल्टभोवतीच्या बुशमधील, म्हणजे एकात एक बसलेल्या दोन नळ्यांच्या सांध्यातील, रबर आतल्या व बाहेरच्या नळीला चिकटलेले असते आणि बोल्ट आवळला की आतली नळी त्याच स्थितीत पक्की होते. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर ते रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. पहिल्या खेपेस मी तसेच केले, आणि वर्षभरात दोन्ही बुश चिरले. म्हणून चाके लावून, गाडीचे वजन चाकांवर आणून, मगच टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने, शेवटची आवळणी करावी. खाली हात पोचत नसेल, तर जॅकने बीम इतका उचलावा की आरंभी टेपने मोजलेले चाक व पत्रा यांतील अंतर पुन्हा मिळेल, आणि त्या स्थितीत आवळावे.

पुढच्या स्प्रिंगा

एका पुढच्या चाकावर साधारण अडीचशे किलोचा भार असतो. तेवढ्या भाराने स्प्रिंग बारा सेंटिमीटर दबते असा ढोबळ हिशेब धरला, तर तिच्यात साठलेली ऊर्जा ही भरलेले घरगुती सिलिंडर अर्ध्या मीटरवरून पडावे एवढी भरते. ती ऊर्जा अडवून धरणारी गोष्ट म्हणजे स्ट्रटच्या माथ्यावरचा मधला एकमेव नट. बॉनेट उघडले की तो समोर दिसतो, त्याच्याभोवतीचे दोन-तीन लहान नट स्ट्रटला बॉडीशी जोडतात, आणि नवखा माणूस नेमका मधल्या नटाला पाना लावतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरमध्ये, म्हणजे ती दाबून धरणाऱ्या अवजारात, पूर्ण दाबली जाईपर्यंत त्या नटाला हात लावायचा नाही, एवढे एकच पथ्य या प्रकरणातील सर्व पथ्यांहून मोठे आहे.

स्ट्रट गाडीतून काढणे त्या मानाने सरळ आहे. या वेळी मागच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि हँडब्रेक ओढावा. ब्रेकच्या नळीचा ब्रॅकेट, एबीएसची वायर व स्टॅबिलायझरचा (वळणावर गाडीचे झुकणे कमी करणाऱ्या दांड्याचा) लिंक रॉड सोडवावा. स्ट्रट व नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) जोडणाऱ्या दोन जाड बोल्टांच्या डोक्यांभोवती रंगाच्या पेनने खूण करून ठेवावी, कारण त्या भोकांतील थोडीशी ढिलाईसुद्धा चाकाचा कॅम्बर, म्हणजे आत-बाहेरचा कल, बदलते. बोल्ट ठोकून काढावा लागला, तर नट टोकापर्यंत उलटा चढवून त्यावर लाकडाचा तुकडा धरून ठोकावे, म्हणजे आटे बिघडत नाहीत. बोल्ट निघताच नकल बाहेर कलंडतो. तो आधीच तारेने बांधून ठेवावा, अन्यथा त्याचे वजन ब्रेकच्या नळीवर येते आणि ॲक्सलचा आतला सांधा निसटू शकतो. वरच्या लहान नटांपैकी शेवटचा काढताना दुसऱ्या हाताने स्ट्रट खालून धरलेला असावा.

आता कॉम्प्रेसरचा प्रश्न. बाजारात जोडीने मिळणारे, आकड्यांचे आणि लांब आट्यांच्या दांड्यांचे कॉम्प्रेसर स्वस्त असतात आणि त्यांच्यात चांगल्या-वाईटाचा फार फरक असतो. आकड्यांवर सुरक्षा पिना नसतील, तर ते वापरू नयेत. ते समोरासमोर, अगदी एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना, शक्य तितके जास्त वेढे पकडतील असे लावावेत, दांड्यांना ग्रीस लावावे आणि हातपान्याने एकीकडे दोन फेरे, दुसरीकडे दोन फेरे असे आळीपाळीने दाबावे. स्प्रिंग एका बाजूला वाकू लागली, तर थांबून मागे यावे. तोंड किंवा छाती स्प्रिंगेच्या टोकांच्या रेषेत कधीही येऊ देऊ नये. स्प्रिंग आपल्या बैठकीत हाताने फिरू लागली, म्हणजे माउंटवरील, म्हणजे स्ट्रटच्या माथ्यावरच्या जोडणीवरील, दाब गेला, आणि तेव्हाच मधला नट उघडावा. शॉकअपचा दांडा फिरू नये म्हणून तो ॲलन कीने धरून रिंग पान्याने नट सोडवावा. एअर गनने तो भराभर निघतो खरा, पण दांडा गरगर फिरून शॉकअपचे सील खराब होते.

माझे स्पष्ट मत असे की चांगला कॉम्प्रेसर हाताशी नसेल, तर स्ट्रट घरी उतरवावेत आणि फक्त स्प्रिंग बदलण्यासाठी भिंतीवरचा प्रेस असलेल्या गॅरेजमध्ये न्यावेत. दोन्ही स्ट्रटचे काम तिथे तासाभरात होते. स्प्रिंग तुटलेली असेल, तर हा सल्ला न मानता घरीच खटाटोप करू नये, कारण तुटक्या वेढ्याला आकडा नीट धरत नाही आणि तो केव्हा घसरेल हे सांगता येत नाही.

घरीच काम करायचे झाल्यास जुनी स्प्रिंग हळूहळू मोकळी करून नवी दाबावी. नवी स्प्रिंग खचलेल्या स्प्रिंगेपेक्षा लांब असल्याने तिला थोडे जास्त दाबावे लागेल. स्ट्रट उघडाच आहे, तर बंप स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा रबरी ठोकळा), धूळरोधक रबर आणि माथ्यावरचे बेअरिंग पाहून घ्यावे. बेअरिंग बोटाने फिरवताना रेती चावल्यासारखे वाटले, तर ते बदलावे. स्टिअरिंग वळवताना येणारा टण्ण असा आवाज अनेकदा स्प्रिंगेचा नसून त्याचाच असतो. शॉकअपचा दांडा हाताने दाबून सोडल्यावर तो अडखळत वर आला किंवा नळीवर तेल ओघळलेले दिसले, तर तोही याच वेळी बदलणे शहाणपणाचे, कारण मेहनत तीच लागते. जोडणी उलट क्रमाने करावी, मधला स्वतः-लॉक होणारा नट नवाच वापरावा, आणि प्रत्येक बोल्टचा टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून पाहूनच आवळावा. कॉम्प्रेसर सोडताना स्प्रिंगेची दोन्ही टोके पायरीला टेकलेली आहेत ना, हे शेवटचे एकदा पाहावे.

नंतर

पहिला फेरफटका गल्लीतच, वीसच्या वेगाने, खिडक्या उघड्या ठेवून घ्यावा आणि गतिरोधकावर कान द्यावा. पुढचे स्ट्रट निघाले असतील, तर खुणा जुळवूनसुद्धा व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, करून घ्यावे लागते, नाहीतर टायरची आतली कड काही महिन्यांतच झिजते. मागची बाजू उंचावल्यामुळे हेडलाइटचा झोत खाली येतो, तोही भिंतीसमोर उभे राहून जुळवावा. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासावेत आणि त्याच दिवशी टेप घेऊन चारही अंतरे मोजावीत. माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या बाजूला जुन्या नोंदीपेक्षा २२ मिलिमीटर जास्त भरले, आणि आजवर नीट वाटणारी उजवी बाजूही ९ मिलिमीटर उचलली गेली होती.