फाइल सर्व्हरवर नावाऐवजी नंबर दिसतोय? आधी मॅपिंग तपासा, मग चोन

विंडोज डोमेनमधला यूजर लिनक्सच्या सांबा (विंडोजला फाइल शेअर करून देणारं सॉफ्टवेअर) शेअरवर गेला आणि ॲक्सेस डिनाइड आलं, किंवा एलएस केल्यावर मालकाच्या जागी नाव न येता १११०५ असा नुसता आकडा आला, की बरेच जण लगेच चोन (फाइलचा मालक बदलणारी कमांड) मारतात नाहीतर ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळ्या परमिशन देऊन मोकळे होतात. प्लीज हे करू नका. परमिशन बिघडलेलीच नसते बहुतेक वेळा, बिघडलेली असते ओळख, आणि चुकीच्या ओळखीवर चोन केलं की नंतर कुठली फाइल कोणाची होती हे शोधायलाही काही उरत नाही.

विंडोजला तुमच्या नावाशी देणंघेणं नसतं, ते एसआयडी (प्रत्येक यूजरचा सिक्युरिटी आयडी) बघतं. एस-१-५-२१ ने सुरू होणारी लांबलचक ओळ असते ती, तिचा शेवटचा तुकडा म्हणजे आरआयडी, उदाहरणार्थ ११०५. लिनक्सच्या डिस्कवर मात्र फाइलपाशी फक्त यूआयडी म्हणजे एक नंबर लिहिलेला असतो. या दोघांच्या मधे बसून भाषांतर म्हणजेच मॅपिंग करतो तो सांबाचा विनबाइंड. म्हणजे साखळी अशी: नाव, त्यावरून एसआयडी, त्यावरून नंबर, आणि नंबरवरून परत नाव. कुठली कडी तुटलीय ते क्रमाने बघायचं, मधूनच सुरुवात केली की तासन् तास जातात.

पहिलं डब्ल्यूबीइन्फो डॅश टी, ही विनबाइंडला प्रश्न विचारणारी कमांड. हे फेल झालं तर मॅपिंगचा विचारच सोडा, सर्व्हरचा डोमेनवरचा विश्वास तुटलाय. घड्याळ बघा (कर्बेरॉस ही डोमेनची लॉगिन तपासणारी पद्धत साधारण ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही), डीएनएस डोमेन कंट्रोलरकडेच जातोय का ते बघा, तरी नाहीच तर परत जॉइन करा.

ते पास झालं की डब्ल्यूबीइन्फो डॅश एन, छोटा एन, आणि पुढे यूजरचं नाव. एसआयडी मिळाला? तो कॉपी करून डब्ल्यूबीइन्फो डॅश एस ला द्या, इथे एस कॅपिटल हवा कारण छोटा एस उलट एसआयडीवरून नाव देतो. आता नंबर यायला हवा. नाव आणि एसआयडी नीट येतात आणि नंबरपाशी गाडी अडते, हा प्रकार सगळ्यात कॉमन, त्याच्यावर खाली सविस्तर लिहिलंय.

नंबरही आला तर गेटएंट पासडब्ल्यूडी (लिनक्सला यूजर दिसतो का ते सांगणारी कमांड) आणि यूजरचं नाव, डोमेनसकट देत असाल तर कोटमधे द्या नाहीतर शेल बॅकस्लॅश खाऊन टाकतो. इथे रिकामं आलं तर ईटीसीमधल्या एनएसस्विच डॉट कॉन्फ मधे पासडब्ल्यूडी आणि ग्रुप या दोन्ही ओळींत फाइल्सच्या (सर्व्हरच्या स्वतःच्या यादीच्या) नंतर विनबाइंड लिहिलंय का बघा, आणि डेबियनवर त्याची एनएसएस लायब्ररी वेगळं पॅकेज म्हणून येते ती राहिलेली असू शकते. नाव न देता नुसतं गेटएंट चालवून डोमेनचे यूजर दिसत नाहीत म्हणून घाबरू नका, एनम यूजर्स (सगळ्या यूजरची यादी देणारं सेटिंग) बंद असेल तर ते नॉर्मल आहे.

अजून एक, त्याच नावाचा लोकल यूजर सर्व्हरवर असेल तर फाइल्स आधी वाचलं जातं म्हणून लोकलवालाच जिंकतो. विंडोजच्या सिक्युरिटी टॅबमधे मालक म्हणून यूनिक्स यूजर असं काही दिसलं, किंवा एसआयडी एस-१-२२-१ ने सुरू झाला, तर सांबाला त्या नंबरसाठी डोमेनचा माणूस सापडलेलाच नाही असं समजा.

आता नंबर कुठून येतो ते. सांबाच्या एसएमबी डॉट कॉन्फ मधे आयडीमॅप कॉन्फिग स्टारची ओळ (दुसरीकडे न बसणाऱ्यांसाठी) असते आणि तुमच्या डोमेनची वेगळी हवी. डोमेनची ओळ लिहिलीच नाही तर सगळे यूजर स्टारमधे पडतात, तिथे साधारणपणे टीडीबी बॅकएंड (नंबर ठरवण्याची पद्धत) असतो, आणि टीडीबी जो पहिला येईल त्याला पुढचा रिकामा नंबर देतो. मी एकदा जुन्या सर्व्हरची डेटा डिस्क काढून नव्याला लावली, दोन्हीकडे टीडीबी, नव्यावर लोक वेगळ्या क्रमाने लॉगिन झाले आणि एकाचं फोल्डर सरळ दुसऱ्याच्या मालकीचं दिसायला लागलं. एरर काहीच नाही, लॉग स्वच्छ, म्हणूनच तो प्रकार जास्त भयानक होता.

म्हणून डोमेनला आरआयडी बॅकएंड द्या. हिशोब साधा असतो, रेंज १०००० पासून सुरू असेल तर ११०५ वाला माणूस १११०५ होतो, आणि तीच रेंज लिहिलेल्या प्रत्येक सर्व्हरवर तो १११०५ च राहतो. स्टारची रेंज ३०००-७९९९ आणि डोमेनची १००००-९९९९९९ अशी ठेवा, एकमेकींत घुसू देऊ नका. एडी बॅकएंड असेल तर नंबर ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या यूआयडीनंबर आणि जीआयडीनंबर मधून येतात, तिथे हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे डोमेन यूजर्स या ग्रुपलाही जीआयडीनंबर द्यावा लागतो, नाहीतर यूजरचा नंबर बरोबर भरूनही तो माणूस लिनक्सला दिसतच नाही. नंबर रेंजच्या बाहेर गेला तरी तेच.

एका सर्व्हरवर विनबाइंड आणि दुसऱ्यावर एसएसएसडी (तेच काम करणारा वेगळा प्रोग्राम) असेल तर नंबर जुळणार नाहीत, कारण एसएसएसडी स्वतःहून मॅपिंग करतो तेव्हा एसआयडीचा हॅश काढून रेंज ठरवतो, ती २००००० च्या पुढची असते. एक काहीतरी ठरवा.

कॉन्फिग बदलली की टेस्टपार्म (कॉन्फिगमधल्या चुका दाखवणारी कमांड) चालवा, विनबाइंड रीस्टार्ट करा आणि नेट कॅश फ्लश विसरू नका, मॅपिंगची कॅश डिफॉल्टने ६०४८०० सेकंद म्हणजे चक्क एक आठवडा टिकते, त्यामुळे बरोबर केलेला बदलही चुकला असं वाटत राहतं. एनएससीडी चालू असेल तर बंद करा, तो वर स्वतःची वेगळी कॅश ठेवतो.

सगळ्यात शेवटी चोन. आधी जुन्या नंबरांची यादी एलएस डॅश एलएन ने काढा आणि कोणता नंबर कोणाचा ते लिहून ठेवा. मग फाइंड डॅश यूआयडी ने जुन्या नंबरच्या फाइल्स शोधून एकेका यूजरसाठी चोन डॅश एच करा. नवी रेंज जुनीवर चढत असेल तर थांबा, कारण ३००५ चा ३०१२ केलात आणि ३०१२ जुना दुसराच कोणीतरी असेल तर पुढच्या फेरीत दोघांच्या फाइल्स एकत्र होतात आणि वेगळ्या करायला बॅकअपशिवाय मार्ग नाही. ग्रुपसाठीही हेच करायचं, आणि एसीएल (फाइलवरच्या जादा परमिशनची यादी) वापरत असाल तर गेटफॅकल डॅश एन ने बघा, तिथेही जुने नंबर बसलेले असतात आणि चोन त्यांना हात लावत नाही.

झालं की फाइंड डॅश नोयूजर आणि नंतर डॅश नोग्रुप चालवा, रिकामं आलं पाहिजे. मग एकाहून जास्त सर्व्हर असतील तर प्रत्येकावर त्याच यूजरचा एसआयडी देऊन नंबर परत एकदा ताडून बघा.